फाटकाच्या आत

क्रू, ता. २४ नोव्हेंबर १९६७

चि. पर्सी यास,
अ. उ. आ.

आईला माझ्याकडे आणून आठ महिने झाले, पण आताइतकी ती कधी खचली नव्हती. छातीत पाणी झालंय. आज डॉक्टर जिन्यातच थांबून म्हणाले की, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोलवायला मला तुझ्याशिवाय आहे कोण?

गुरांची लाळ्या-खुरकूत साथ तुमच्या भागात शिरलीय हे वर्तमानपत्रात रोज वाचते. तू चौऱ्याहत्तर गाई घेऊन स्वतःला कोंडून घेतलंस, हेही समजून घेते. पण आईला कसं समजावू? ती दुपारी डोळे उघडते आणि धार झाली का विचारते. मी झाली म्हणते. मग विचारते की, पर्सी अजून वर का येत नाही. लेन म्हणतो, आमच्या लग्नालासुद्धा तुला गोठ्यातून ओढून काढावं लागलं होतं, तेव्हा आत्ताच नवल काय! मी त्याच्यावर डाफरले, पण तो खोटं बोलत नव्हता. एका तासापुरता ये.

तुझी वाट पाहणारी,
हिल्डाताई


पूल फार्म, ता. २९ नोव्हेंबर

ती. हिल्डाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन आता आत येत नाही, कुंपणावर बिस्किटांचा डबा बांधलाय त्यात टाकून जातो. तीन आठवडे मी फाटक ओलांडलेलं नाही. फाटकापुढे औषधात भिजवलेला पेंढा पसरलाय, तो वाळला की पुन्हा भिजवतो. दिवसभर हेच चालतं.

रोग चार मैलांवर आलाय. एका गाईला झाला तरी सरकारी माणसं सगळा कळप मारून टाकतात. पलीकडच्या शेतावरचा नॉर्मन हल्ससुद्धा माझ्यासारखाच अडकलाय. आम्ही सकाळी रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून ओरडून बोलतो. काल तो म्हणाला की, बायको गेल्यापासून मी एवढा कोणाशीच बोललो नव्हतो, रोगाने माझी जीभ सुटली.

मी येऊ शकत नाही, ताई. तुमच्या गल्लीत कोण कुठल्या शेतावरून आलाय हे कोणाला ठाऊक? हा कळप आईनेच वाढवलाय. तिला शुद्ध असती तर तिनेच मला दारातून परत पाठवलं असतं. धार झाली म्हणून तिला सांगत राहा. ते खरंच आहे.

तुझा,
पर्सी


क्रू, ता. ६ डिसेंबर

चि. पर्सी,
अ. आ.

तार मिळाली असेल. काल दुपारी तीनला गेली. त्रास झाला नाही. मी खाली कपबशा धूत होते, वर आले तर गेलेली.

शनिवारी अकराला गावच्या देवळात नेतोय. अंघोळ कर, नवे कपडे घाल, औषधात बूट बुडव, काय करायचं ते कर, पण ये. उन्हाळ्यात नॉर्मन भेटायला आला तेव्हा आईने त्याच्याकडून गमतीत कबूल करून घेतलं होतं की, माझी शवपेटी तू उचलायची, कारण पर्सी वाटेत गाई बघत थांबेल. त्या नॉर्मनची चिठ्ठी आलीय, तो येतोय. त्यालाही गाई आहेत. परका माणूस शब्द पाळतो आणि पोटचा मुलगा फाटक राखत बसतो, हे लोकांना दिसल्याशिवाय राहणार नाही. मलाही दिसतंय.

हिल्डाताई


पूल फार्म, ता. ७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येणार नाही. एकच मागणं आहे. आईची गाडी देवळाकडे नेताना आमच्या रस्त्याने न्या आणि फाटकापाशी थोडी थांबवा. पेंढा भिजवून ठेवतो. मी आत उभा असेन.

रागावलीस तरी चालेल.

पर्सी


क्रू, ता. १४ डिसेंबर

चि. पर्सी,

तुझ्या गाई गेल्याचं मंगळवारी कळलं. आज कळलं की नॉर्मनच्याही गेल्या.

मला एकच सांग. गाडीने हे दुखणं आणलं का? थांबवायची नाही असं ठरलं असतं तर बरं झालं असतं. शिवाय मी खाली उतरले, फाटकावरून वाकून तुझा गाल धरला. नॉर्मननेही तुझा हात हातात घेतला. देवळात आम्ही सहाच होतो आणि गाईवाला तो एकटाच, त्याच्या तर तुझ्यानंतर गेल्या, तेव्हा आणलं असेल तर माझ्या बुटांनी नाहीतर त्या चाकांनी. मला झोप नाही. लेन म्हणतो, वाऱ्यानेसुद्धा येतं, पण लेनला काय कळतं, तो रेल्वेत आहे.

आणि त्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं.

तुझीच,
हिल्डाताई


पूल फार्म, ता. ३० डिसेंबर

ती. हिल्डाताईस,
सा. न. वि. वि.

उशिराबद्दल माफ कर. हाताशी वेळच वेळ आहे, तरी लिहवत नव्हतं.

तू आणलं नाहीस. सोमवारी गुरांचा सरकारी डॉक्टर आला, त्याने मेबेल गाईचं तोंड उघडून पाहिलं. जिभेवरच्या फोडांवरून रोग किती दिवसांचा ते त्यांना कळतं. तो म्हणाला, तीन दिवस तरी झालेत. म्हणजे शुक्रवार. तुम्ही आलात शनिवारी. तेव्हा शांत झोप.

मंगळवारी आठ वाजता माणसं आली. गाईंच्या कासा भरलेल्या होत्या, ओरडत होत्या. मी विचारलं, आधी धार काढू का? त्यांनी काढू दिली. चौऱ्याहत्तर गाईंची धार काढली आणि सगळं दूध गटारात सोडलं. मग त्यांनी त्यांचं काम केलं. मी स्वयंपाकघरात बसून होतो. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. परवा दुकानातून दुधाची बाटली आणली. आयुष्यात पहिल्यांदा. चहात घातलं, प्यालो, काही वाटलं नाही.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते. शनिवारी सकाळी मेबेलने पेंड सोडली होती. एकेक पाय झटकत उभी होती. मी पाहिलं. तोंड उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण बघितलं असतं तर कळवावं लागलं असतं, पोलिसांनी रस्ता बंद केला असता आणि गाडी आली नसती. म्हणून बघितलं नाही. रविवारीही नाही. तोंड न धुता लपून बसलेल्या पोरासारखा मी तिच्याकडे पाठ करून धार काढत राहिलो.

आणि त्याच हाताने मी नॉर्मनचा हात धरला. त्याच्या साठ गाई मी मारल्या, ताई. तो मला तोंड दाखवत नाही, मी त्याला. त्याला सांगावं म्हणतो.

पर्सी


क्रू, ता. २ जानेवारी १९६८

चि. पर्सी,
अ. उ. आ.

सांगू नकोस. ज्याच्या गाई गेल्या त्याला वर एक शेजारीही गमवायला लावू नकोस. तू इकडे ये, आठ दिवस राहा. खोली रिकामीच आहे.

हिल्डाताई


पूल फार्म, ता. ८ जानेवारी

ती. हिल्डाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. काल नॉर्मनकडे गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मेबेलचं, पेंडीचं, हाताचं.

त्याने खुर्ची पुढे केली. मग म्हणाला, "त्या सकाळी माझी एक कालवड हौदापाशी लाळ गाळत होती. मी काळा कोट घातला आणि आलो. म्हाताऱ्या बाईला शब्द दिला होता."

त्यानेही तोंड उघडून पाहिलं नव्हतं. महिनाभर तो समजत होता की हात धरून त्यानेच माझा कळप मारला. मी त्याला फोडांच्या दिवसांचं सांगितलं. दोन्ही गोठ्यांत रोग आधीच होता. त्याने मला दिला नाही, मी त्याला दिला नाही. हे कळल्यावर दोघांनाही हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने चहा टाकला.

घरी येताना फाटकापाशी थांबलो. पेंढा कधीच उचलून नेलाय. ज्या गाईंसाठी मी आत उभा राहिलो त्या तेव्हाच गेल्यात जमा होत्या. म्हणजे त्या दिवशी मी बाहेर आलो असतो, तुझ्याबरोबर चालत देवळात गेलो असतो, पेटीला खांदा दिला असता, तरी काहीही वेगळं झालं नसतं. आधी आईकडे आलो असतो तरी नाही.

शनिवारी येतो. खोलीतली आईची खाट हलवू नकोस.

माया आटू देऊ नकोस.
पर्सी