एकसष्ट सभासदांची हाक

१२ जानेवारी २०२६, सोमवार

स्वतःच्या हाताने केलेलं, आजपर्यंत: बैलबंडीचं एक चाक (दुसरं सुताराचं, आधी तेच मोडलं). देवघराचं दार — आत उघडतं, म्हणून अगोदर गणपती सरकवावा लागतो. धान उडवायचा पंखा. सायकलच्या डायनामोवर चालणारा रेडिओ. उतारावर अगदी स्पष्ट ऐकू यायचा. आणि सी-प्लस-प्लसमधले सात प्रोग्राम. पैकी पाच चालतात. सहावा चालतो पण थांबत नाही, म्हणून धरला नाही. सातव्याबद्दल इथे लिहिणार नाही.

सगळं शिकवणीशिवाय! गोंदियाच्या स्टेशनाजवळ रद्दीत मिळालेलं पुस्तक, शेवटची चाळीस पानं नसलेलं. वय तेव्हा त्रेचाळीस, आता एक्कावन्न.

आज आठवा घेतला. तलावाच्या पाणी संस्थेचे एकसष्ट सभासद. उन्हाळी धानाला पाणी सोडलं की प्रत्येकाला वर्दी गेली पाहिजे, नाहीतर त्याची पाळी हुकते आणि पाणी पुढच्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. आजवर पाणी सोडणारा उमराव मोटरसायकलवर ओरडत फिरायचा. आता त्याचा घसा गेला. मी म्हटलं, माझा लॅपटॉप फोन लावेल, नोंदवलेली हाक ऐकवेल.

संस्थेचा अध्यक्ष माझा मोठा भाऊ. रेवारामदादा म्हणाला, "नागपूरची कंपनी बारा हजारात करून देते. तुह्यं फुकट आहे म्हून पाहू. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या सभेत मत घेऊ, कोनाचं ठेवाचं ते."

आणि सगळ्यांसमोर — "रेडिओसारखं उतारावरच चालू नको देजो!"

अठ्ठावीस फेब्रुवारी. पाहतोच.

१४ जानेवारी

कंपाइलर ऐकत नाही. अडचण नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल.

तयार लूप मिळतो, कुठल्याही यादीवर चालणारा. तो म्हणतो, मला एक मोकळं फंक्शन दे, मी एकेका सभासदाला त्याच्यात टाकत जातो. पण माझी हाक मोकळी नाही! ती सभासदाच्या पोटात आहे. मेंबर फंक्शन. उमरावची हाक उमरावजवळ, जमुनाआत्याची तिच्याजवळ. आधी माणूस धरा, मग त्याची हाक निघेल. लूपला माणूस धरता येत नाही.

साधा हाताने लिहिलेला लूप टाकला असता तर दोन ओळींत भागलं असतं. पण तो कोणीही लिहितो. माझा लूप उद्या पोत्यांच्या यादीवर चालला पाहिजे, परवा बैलांच्या.

१५ जानेवारी

एरर तीच. चहा चार वेळा.

१७ जानेवारी, शनिवार

सापडलं!! मेम-एफ-एन! पुस्तकाच्या नसलेल्या चाळीस पानांत असणार, दुसरं काय. मोबाइलवर एका बंगाली बाबूच्या व्हिडिओत मिळालं.

त्याला मेंबर फंक्शन द्यायचं. तो त्यापासून एक वस्तू बनवून देतो — दिसायला वस्तू, वागायला फंक्शन. लूप खूश! लूप त्या वस्तूत माणूस टाकतो, वस्तू त्याच माणसाची हाक चालवते. अख्खा माणूस (ऑब्जेक्ट) द्या की नुसता त्याचा पत्ता (पॉइंटर) द्या, तक्रार नाही. एका ओळीचं काम. मी पाच दिवस लावले, पण पाच दिवस प्रामाणिक.

बायकोला, फुलवंताला, समजावून सांगितलं. ती अंगणात लाखोळीची भाजी खुडत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे मधात एक मानूस बसवला. त्याच्यात काय येवढं नाचाचं?"

तिला आनंद समजत नाही.

२० जानेवारी

चाचणी. हाक माझ्याच आवाजात. एकसष्ट फोन गेले (माझा स्वतःचा धरून). उचलले नऊ. दोघांनी "नमस्कार" ऐकताच बंद केला. जमुनाआत्या माझ्या नोंदवलेल्या आवाजाशी भांडली: "थांब ना गा, चुलीवर भात उतू चाल्ला म्हनतो तं बोलूनच रायला!" नंतर घरी येऊन पुन्हा भांडली.

लोक उचलत का नाहीत? उमरावला विचारलं. त्याने फुलवंताकडे पाहिलं, फुलवंताने त्याच्याकडे. तीच म्हणाली,

"अजी, तुमचा आवाज आला का लोकाइले वाटते, आता कॉम्प्युटर समजावून सांगन."

ठीक. आवाज बदलू. तिचाच घेऊ.

२२ जानेवारी, गुरुवार

नोंदणीचा दिवस. प्रत्येकाची हाक वेगळी, ही माझी अट. "प्रिय शेतकरी" असं सरसकट चालणार नाही. तिच्या नात्याने जो जसा लागतो तसा: "जमुनाआत्या, पानी सुटलं वो." "उदारामभाऊ, पानी सुटलं, निंगा." नंदलालची हाक नऊ वेळा वाया गेली, मागे कोंबडा यायचा. दहाव्या वेळी कोंबडा नव्हता, पण तिचा आवाज चिडका लागला. ठेवला. नंदलालला चालतं.

साठ झाल्या. राहिला एक: तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर. दादा.

"भासऱ्याचं नाव घेऊ? मी?"

"नाव नको. नुसतं, पानी सुटलं, एवढंच म्हण."

"त्याइच्याशी बोलू? जीभ झडन ना माही!"

सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. दादासमोर डोक्यावरचा पदर ढळला नाही की तोंडातून शब्द निघाला नाही. हे मला माहीत होतं, पण प्रोग्राममध्ये आडवं येईल असं वाटलं नव्हतं! दादासाठी माझा आवाज टाकू म्हटलं, तर साठ एका आवाजात आणि एक दुसऱ्या — मग पद्धत कसली?

२३ जानेवारी

दादाची जागा तूर्त रिकामी ठेवली. रिकामा पॉइंटर. फोन न लावता, नुसतं पडद्यावर चालवून पाहिलं. चाललं! एकसष्ट वेळा पडद्यावर "हाक दिली" असं आलं, दादाच्याही वेळी. म्हणजे तूर्त हरकत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

हरकत होती.

झेंडावंदन झाल्यावर संस्थेच्या ओट्यावर सगळे जमले. बुंदी वाटून झाली. दादा खुर्चीवर. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, दोन शब्द बोललो (अकरा मिनिटं — उमरावने मोजली म्हणे). लोक मोबाइल हातात धरून उभे. बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही. एकाचाही फोन नाही. पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली आणि प्रोग्राम मेला.

कारण सांगतो, निदान या वहीला. यादी तलावापासून बांधीच्या क्रमाने. तलावाखाली पहिली बांधी दादाची. म्हणजे पहिलाच नंबर रिकामा! घरी चाललं कारण घरच्या चाचणीत हाक फक्त दोन शब्द छापत होती; माणसाला हात लावत नव्हती, म्हणून माणूस नसला तरी निभावलं. इथे तिने आवाजाची फाइल मागितली. कोणाची? नसलेल्या माणसाची. संपलं.

दादा ओळ वाचत म्हणाला, "काय झालं गा?"

"तुह्यावर येऊन बंद पडलं."

"माह्यावर? मी सभासद नाही का?"

"आहेस. पण तुझी जागा रिकामी आहे."

एवढा हशा झाला की नंदलालच्या हातातली बुंदी सांडली. दादा हसला नाही. संस्थेच्या अध्यक्षाची जागा रिकामी, असा अर्थ त्याने धरला आणि गावानेही धरला. जाताना फक्त म्हणाला, "कंपनीवाल्याले फोन लावतो."

२७ जानेवारी

जेवलो नाही. दुपारी जेवलो.

२८ जानेवारी, बुधवार

फुलवंताने सोडवलं! हेही लिहून ठेवतो.

मी तिला विचारलं, सत्तावीस वर्षं दादाला काही सांगायचं झालं तर तू काय करत होतीस?

"दुर्गाबाईले सांगतो. बाई त्याइले सांगते." दुर्गावहिनी म्हणजे दादाची बायको.

"आणि ती घरी नसली तर?"

"दाराले सांगतो. 'चहा झाला म्हना,' असं. त्याइले आयकू जातेच ना."

मग ती स्वतःच मोबाइल धरून बसली आणि एका दमात म्हणाली, "बाई, घरी सांगून द्या बरं, पानी सुटलं." एकदाच. कोंबडासुद्धा गप्प.

म्हणजे दादाच्या फोनवर हाक, पण हाक वहिनीला! मधात एक माणूस बसवला. मी ज्याच्यासाठी पाच दिवस घालवले, ते ही बाई लग्न झाल्यापासून करत होती, दाराला धरून. मी म्हटलं, तुझ्या दाराचं नाव मेम-एफ-एन ठेवतो. ती म्हणाली, देवघराच्या दाराचं ठेवा, त्याले कोनतंतरी काम होईन.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहा. उमरावने पाणी सोडलं. एकसष्टच्या एकसष्ट गेले. उचलले चोपन्न!! सात जणांचा मोबाइल बंद, तो माझा दोष नाही.

दादाच्या घरचं उमरावने सांगितलं. दादाने फोन कानाला लावला, "बाई" ऐकताच कानापासून लांब धरला आणि वहिनीला दिला: "तुले आहे." वहिनीने ऐकलं, म्हणाली, "पानी सुटलं म्हने. जाता?" दादा म्हणाला, "हाक तुले आली, मी काऊन जाऊ?"

ती फावडं घेऊन गेली.

५ फेब्रुवारी

पुन्हा वहिनी.

९ फेब्रुवारी

पुन्हा वहिनीच. उमराव खूश. "वहिनी बांधीचा धुरा बरोबर तोडते, पानी भरलं का बुजवते. दादा तं तोडून गप्पा मारत बसत जाय, अर्धं पानी उदारामच्या बांधीत!" उदाराम नाराज आहे. त्याचं धान दादाच्या पाण्यावर होतं, हे त्याला आणि आम्हाला आत्ता कळलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीचा माणूस आला. हिमांशु नाव, बूट चकचकीत, बोलणं हिंदीत. त्यांची हाक ऐकवली: "प्रिय ग्राहक, आपली पाळी आली आहे. पुष्टीसाठी एक दाबा."

जमुनाआत्या म्हणाली, "मी हिची गिऱ्हाईक काऊन? हिनं मले काय इकलं?"

तरी वीस-एक जण तिकडे झुकले. कंपनीची पावती मिळते, छापील. दादाने हिमांशूला स्वतःच्या हाताने चहा दिला. मला दादाने आजवर पाणीसुद्धा स्वतः दिलेलं नाही. नोंद म्हणून लिहितो.

हिमांशूने माझा प्रोग्राम पाहिला. मेम-एफ-एनवर बोट ठेवून म्हणाला, "अंकल, ये किसने सिखाया?" कोणी नाही म्हटलं. तो बराच वेळ पाहत राहिला. हे चांगलं वाटलं.

२० फेब्रुवारी

मतं मोजून पाहिली, कोण कुठे. पाच वेळा मोजली. प्रत्येक वेळी वेगळी येतात. यावर प्रोग्राम करता येत नाही.

२७ फेब्रुवारी

नंदलाल म्हणतो, मत देईन, पण माझी हाक चिडकी आहे ती बदल. फुलवंताने पुन्हा नोंदवली. आता ऐकून म्हणतो, पहिलीच बरी होती, तिच्यात घाई होती. परत जुनी टाकली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सभा. त्रेचाळीस घरं हजर. एका घरचं एक मत, हात वर करून.

कंपनीसाठी बावीस. त्यातला एक हात दादाचा, सगळ्यांत उंच. माझ्यासाठी एकवीस. माझा हात मी दोनदा तपासला, वरच होता.

संपलं असं वाटलं. लॅपटॉपची पिशवी बंद करायला घेतली.

तेवढ्यात मागून, बायका बसतात तिकडून, दुर्गावहिनीचा हात वर गेला.

दादा म्हणाला, "वो, आपल्या घरचं मत झालं."

"कोनं देल्लं?"

"मी."

"हाक कोनाले येते?"

मी पिशवी सोडून संस्थेच्या नियमांची वही उचलली.

संस्थेचा नियम नऊ: मत पाणी प्रत्यक्ष घेणाऱ्याचं. हा नियम दादानेच केला, नागपुरात राहून मत द्यायला येणाऱ्यांसाठी. मी उभा राहून पूर्ण वाचला, पोटकलमासह. दादा म्हणाला पाणी माझं, बांधी माझी. वहिनी म्हणाली, "बांधी तुमचीच हाये. पानी मी घेऊन रायली."

उमरावला विचारलं. त्याचा घसा अजून बसलेला, पण उठला. "एक तारखेपासून पान्याच्या सात पाऱ्या झाल्या. सातही वहिनीनं. दादा दिसला असन तं माही मोटरसायकल घेऊन जा."

मोटरसायकल कोणी मागितली नाही.

दादाचा हात खाली. वहिनीचा वर. एकवीस-बावीस! माझा प्रोग्राम राहिला! जमुनाआत्याने माझ्या पाठीत एवढी थाप मारली की चष्मा पडला. सभासदाच्या रकान्यात दादाच्या जागी वहिनीचं नाव लिहून घेतलं, अध्यक्षांच्या सहीने. सही करताना दादाचं पेन दोनदा थांबलं.

फुलवंता घरी म्हणाली, "आता बाईले सरळ सभासद म्हून हाक द्याची ना? मंग तं सोपं झालं."

खरंच. दादाच्या जागी आता रिकामं काही नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी दादा आला. एकटा. बसला नाही. फुलवंता आत गेली, तर दाराकडे तोंड करून म्हणाला, "मलेही हाक द्या म्हना. मांगून दिली तरी चालते, सगळ्याइच्या शेवटी." मग माझ्याकडे न पाहता खिशातून पाकीट काढून खाटेवर ठेवलं.

चालणाऱ्या यादीत हात घालत नाही, म्हटलं. पाकीट परत दिलं. पंधरा हजार होते, कंपनीपेक्षा तीन हजार जास्त.