शेवटचे चार ठिपके

३ जून, मंगळ. नांदेड
गाइड सरांचा लातूरहून फोन. "आलेखातले शेवटचे चार ठिपके काढून टाक. संगणकाने काढलेल्या रेषेवर बसत नाहीत." जसं काही मी लाडाने तिथे नेऊन बसवलेत.
चार वर्षं दूरच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राकडून काम करून घेतेय. लेसरने धरून ठेवलेले अणू, ते एकत्र कसे वागतात ते मोजायचं. थोडे अणू असले की संगणक आणि अणू एकच उत्तर देतात, दहादा तपासलंय. अणू वाढले की संगणकाला खरं गणित झेपत नाही, तो अंदाज सांगतो. म्हणून तर तिथे अणूंनाच विचारायचं; हे चार ठिपके तिथलेच. आणि आता अणू खोटे? संगणकाला नाचता येईना, अंगण माझं वाकडं.
जेवले नाही.

५ जून, गुरु.
लातूरला जाऊन आले. सरांनी लाल पेनने चारी ठिपक्यांवर काट मारली. "लेसर हलला असेल." असेलही. मग परत मोजू द्या ना. "वेळ नाही. दहा तारखेला प्रबंध हवा. ठिपके राहिले तर सही करणार नाही."
स्टँडवर रडले. रागाने. त्यांच्यासमोर नाही, एवढं बरं.

८ जून, रवि. मुखेड
घरी. पेरणीआधी आईने सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. आज उघडले. एकतीस उगवलेच नाहीत. बियाण्याच्या पिशवीवर मात्र उगवणीचा छान आकडा छापलाय. मी मुद्दाम म्हटलं, "आई, हे फेकून दे अन् उरलेलेच मोज."
"येडी झालीस का? जे उगवलं न्हाई तेच तर बघायचंय. न्हाई तर गोणपाट भिजवायचं कशाला?"
चार वर्षांत हे मला सरांना सांगता आलं नाही...

९ जून, सोम.
ठिपके परत घातले. खाली लिहिलं: कारण माहीत नाही. लेसरचा दोष असू शकतो, नसूही शकतो. परत मोजायला हवं.
सही गेली तर चार वर्षं गेली. नवा गाइड कोण घेणार मला? भीती वाटतेय. राग त्याहून जास्त आहे.

१० जून, मंगळ. लातूर
सरांनी नेमकं तेच पान काढलं. बराच वेळ वाचलं. लाल पेनचं टोपण उघडलं.
"बाहेर बस."
बसलेय. दार लोटलेलं. दुसरी प्रत पिशवीत आहे, तीही चारी ठिपक्यांसकट.