टेपच्या मोटरवरचा जांभळा ठिपका

बाबा,

आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी सकाळी गायन पार्टीचे काका विहारातली पेटी रिक्षात घालून आपल्या अमडापूरच्या घरी आले. मी आठ दिवसांच्या सुटीवर आले आहे, हे त्यांना आईकडून कळलं होतं.

२. पार्टीतल्या पोरांनी कीबोर्ड घेतला आहे. पेटी त्याच्याशी जुळत नाही. शनिवारी विहारात कार्यक्रम आहे.

३. मी पेटी मोजली. सगळे सूर सारखेच चढे आहेत. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभर धरलं, तर तीस.

४. तुमच्या दुकानातला टेप माळ्यावरून काढला. तुमचीच कॅसेट लावली आणि तेच गाणं मोबाइलवर लावून ताडून पाहिलं. टेपही तीसनेच चढा वाजतो.

५. टेप उघडला. मोटरचा वेग कमीजास्त करायच्या बारीक स्क्रूवर जांभळं नेलपॉलिश आहे.

पाचवी गोष्ट दिसली नसती, तर हे पत्र लिहायला बसले नसते.

पहिल्या चार गोष्टींचं मला फारसं नवल वाटलं नाही. तंबाखूच्या डबीत तुम्ही एक जुना पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणारी धातूची जीभ, जपून ठेवला होता, तुमच्या उस्तादांच्या मोडक्या पेटीतला. कुठलीही पेटी लावायची म्हणजे आधी तो सूर फुंकून ऐकायचा आणि मग कानस हातात घ्यायची. तो सूरच चढा होता. त्यामुळे तुमच्या हाताखालून गेलेली विहारातली पेटी आणि मंदिरातल्या भजनी मंडळाची पेटी, दोन्ही एकमेकींशी बरोबर जुळायच्या आणि दोन्ही सारख्याच चुकीच्या होत्या. आसपासच्या गावांत कुणाला काही खटकलं नाही, कारण खटकायला दुसरं काही नव्हतंच. ही चूक मी समजू शकते. मी पुण्यात मोजमापाची यंत्रं तपासायचं काम करते, आणि ज्या वजनाने बाकीची वजनं तपासायची तेच चुकलेलं, हे आमच्याकडेही होतं. कळलं की आम्ही ते लेखी कळवतो.

तुम्ही कळवलं नाही. मी सात वर्षांची होते. तुम्ही मलकापूरहून मला जांभळ्या नेलपॉलिशची बाटली आणली होती आणि माझ्या फक्त डाव्या हाताची बोटं रंगवून झाली होती. दुपारी दुकानात हेच काका पेटी न्यायला आले. तुम्ही कॅसेटवरचं गाणं त्यांना ऐकवलं, टेप बंद केला आणि तेच पेटीवर वाजवून दाखवलं. मी स्टुलावर बसून पाय हलवत होते. मी म्हणाले, "बाबा, पेटी टेपापेक्षा वर हाय."

काका हसले. तुम्ही हसला नाहीत. "तुले काय कयते वं?" तुम्ही म्हणालात. "आधी कान धुऊन ये."

मी खरंच मागच्या हौदावर जाऊन कान धुतले. परत आले तरी पेटी वरच होती, पण मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येते तर तुम्ही माझी वाट पाहत आहात. दारात दप्तर ठेवायच्या आधीच म्हणता, "ऐक आता." टेप लावता. बंद करता. दुसरी एक पेटी पुढे ओढून तेच वाजवता. दोन्ही अगदी सारखं. तुम्ही भाता बंद करता आणि माझ्याकडे पाहता.

"सांग."

"सारखं हाय."

"मंग? टेप तोच, सूर तेच. काल तुयाच कानात फरक होता."

त्याच संध्याकाळी माझी नेलपॉलिशची बाटली सापडेना. ती तुमच्या दुकानाच्या खणात निघाली, झाकण नीट न लावलेली. मी रडले. तुम्ही म्हणालात, "दुकानात लागते." माझा उजवा हात रंगवायचा राहिला तो राहिलाच. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या आठवड्यात माझ्यावर दोन वेगवेगळे अन्याय झाले.

लोक विचारतात, गाण्याची आवड कुठून लागली. वडील पेट्या दुरुस्त करायचे, असं मी सांगते, ते कुणालाही पटतं. खरं असं की काल ऐकलेला फरक आज गेला कुठे, हे शोधायला मी रोज शाळा सुटल्यावर दुकानात येऊन बसू लागले. एकच ओळ टेपवर, मग पेटीवर, पुन्हा टेपवर. फरक सापडला नाही, पण दरम्यान गाणी सापडली. आवाज कुठे घासतो, कुठे टेकतो, गाणारा श्वास कुठे चोरतो, सगळं ऐकू येऊ लागलं. ज्या कानांनी हे ऐकत होते त्यांच्यावर मात्र माझा विश्वास नव्हता. पुण्यात गाणं शिकायला गेले तेव्हा बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुझा सा वर लागतो. मी म्हटलं, हो, माझा कान लहानपणापासून वाईट आहे. आठ महिन्यांत शिकणं सोडलं. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आणि अजून मी कुणासमोर गात नाही.

आणि तुम्हाला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, माझं म्हणणं तुम्ही रात्रीतून तपासलंत, खरं निघालं म्हणून टेपचा वेग पेटीच्या सुराइतका चढवलात आणि तो स्क्रू हलू नये म्हणून माझ्याच बाटलीतला रंग लावून पक्का केलात. कामात कसूर नाही. इतक्या वर्षांत तो जागचा हललेला नाही. गावोगावच्या पेट्या पुन्हा कानसण्यापेक्षा एक स्क्रू फिरवणं सोपं होतं, हे मला समजतं. मला सांगणं त्याहून सोपं होतं.

मी आईला विचारलं, बाबांना हे कळत होतं का. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यायले सगळं कयत होतं. कबूल करनं तेवढं नोतं कयत."

आता काकांकडे वळते. तुम्ही लावलेल्यांपैकी एवढीच पेटी उरली आहे, बाकीच्या विकल्या गेल्या किंवा उंदरांनी खाल्ल्या. काका म्हणाले, "तुया बापानं लावेल पेटी हाय, म्हून तुयाकडंच आनली. पोरं म्हनतात पेटी बेसूर. मी म्हनलं, पेटी नाई बे, तुमचं ते डबडं बेसूर हाय." मग रिक्षात बसलेल्या मुलीकडे हनुवटीने खूण केली. "ही आमची नात. सगळ्यायच्या आधी हीच बोलली, पेटी वर हाय म्हनून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनतो? म्हनलं, कान धुऊन ये." आणि ते तुमच्या दुकानात हसले होते तसेच हसले. त्यांना तो दिवस आठवतही नसावा. मुलगी हसली नाही. नऊ वर्षांची आहे. ती पेटीकडे पाहत होती, आणि ते पाहणं मी ओळखते.

सूर उतरवायचे तर प्रत्येक सुराच्या बुडाशी कानस चालवावी लागेल. धातू गेला की परत येत नाही. दुसरा उपाय सोपा आहे. कीबोर्डला सूर वरखाली करायची सोय असते. तीस भाग चढवले की दोन्ही जुळतील आणि कुणाला काही कळणार नाही. हा उपाय मला आधी सुचला, तोही लगेच. मी तुमची मुलगी आहे, याची मला इतकी चीड कधी आली नव्हती.

शनिवारी मी तेच करणार आहे, पण त्या मुलीला शेजारी बसवून आणि काकांना समोर बसवून. तिने ऐकलं ते बरोबर होतं, हे आधी सांगेन आणि मगच बटणाला हात लावेन. तुमच्या पेटीला कानस लावणार नाही.

आणखी एक सांगायचं आहे. काल मी तो ठिपका खरवडला आणि मीटर लावून टेपचा वेग बरोबर केला. गाणं लावलं. ते अचूक होतं आणि मला ते ओळीभरही ऐकवलं नाही. स्क्रू परत फिरवला, या वेळी मीटर न लावता, नुसता ऐकत. नंतर मोजलं. तीस. मग आईच्या पेटाऱ्यातलं लाल नेलपॉलिश लावलं. जांभळं मिळालं नाही.

हे पत्र टेपच्या आत ठेवून चारही स्क्रू लावते आहे. मला एवढंच हवं आहे: त्या दिवशी पेटी वर होती, हो की नाही. एका शब्दात चालेल. शनिवारी सकाळी नऊच्या आत कळवा.