वर्षश्राद्धाला शेवाळाची भाजी

९ जानेवारी
परवा रेणुकाचं वर्षश्राद्ध. वर्षभर रुक्मावहिनींच्या घरचा डबा खातोय. मयूरीचा फोन. तिला परवा यायला जमत नाही. बाबा, तुम्हाला वरण-भातही जमत नाही, तामसी गावातलं घर बंद करा, रत्नागिरीला माझ्याकडे या. मी म्हणालो, परवा एक भाजी मी करतो. जमली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. पोरीने मान्य केलं. जमणारच.

१० जानेवारी
भाजी ठरली. मयूरीने आईसाठी समुद्रातलं हिरवं शेवाळ पाठवलं होतं, वाळवलेलं. रेणुका चिमूटभर चुरून ज्वारीच्या पिठात घालायची, कधी वरणावर. आवडीने खायची. मी कधी चाखलं नाही. अर्धं पाकीट उरलंय. चिमटीने एवढ्या माणसांचं काय होणार? पालकासारखी, डाळ घालून पातळ भाजी करू.

११ जानेवारी, सकाळ
पाकीट पूर्ण भिजवलं. फुगून पातेल्याबाहेर आलं. बादलीत काढलं. बरकत आहे.
मीठ अंदाजाने घातलं. शेवाळ मुळातच खारट निघालं. पाणी वाढवलं. वास येतोय. निवल्यावर जाईल.

११ जानेवारी, संध्याकाळ
वास गेला नाही. पानं वाढली. वहिनींनी विचारलं, भाऊजी, श्राद्धाच्या घरी मासोळी काऊन शिजवून राह्यले? शेवाळाचा वास आहे, हे मी सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, शेजारी महिपतच्या घरून येत असेल.
महिपत पंगतीतच होता. गळ्यात तुळशीची माळ. तो हळूच म्हणाला, आमच्या घरी आज चूलच नाई पेटली, सुधाकरराव. आमी सगळे इथंच जेवून राह्यलो.
कुणी हसलं नाही. रेणुकाच्या फोटोकडे बघवलं नाही.
उद्या पहाटेच महिपतची माफी मागणार.

१२ जानेवारी
पहाटे थंडी फार. दुपारी तो शेतावर असतो. संध्याकाळी जाणार.

१३ जानेवारी
काल पाय दुखत होता.
आज महिपतच दारात. हातात भाकर आणि वांग्याची भाजी. म्हणाला, दोन दिवस वहिनींचा डबा परत पाठवून राह्यले, उपाशी असान. तो समोर बसून राहिला. मी मान खाली घालून जेवलो. माफी मागणार होतो, पण तोंडात घास होता.
मयूरीला फोन केला. येतो म्हणालो. भाजीचं काय झालं, तिने विचारलं. उत्तम झाली, पण डॉक्टर म्हणतात मला समुद्राची हवा मानवेल.
डॉक्टरकडे मी गेलेलो नाही.
महिपतला निघताना सांगेन. बस पहाटेची आहे. तो झोपलेला असेल.