खरडच्या बसमधून परतल्यावर

आई, तुझं जांभूळ गेलं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

चंदीगडला आपण भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. तू स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुपाच्या रिकाम्या डब्यात बी रुजवलंस. कारखान्यात झाडं लावणार आहेत असं कळलं, तेव्हा डबाच माझ्या हातात दिलास. मी म्हणालो, इथंच अंगणात लावू. तू चिडलीस. "भाड्याच्या घरात कुणी जीव लावतं का रे? उद्या बिऱ्हाड हलेल. कारखाना कुठं हलतोय?"

जांभूळ मोठं झालं, आई. कंत्राटी माणसांना कँटीन नाही, ती त्याच्याखालीच डबे उघडतात; मीही त्यांच्यातच बसतो. यंदा नव्या शेडसाठी खोडावर लाल फुली पडली. मी साहेबांना म्हटलं, शेड चार हात सरकवा. कर्मचाऱ्यांच्या हरित समितीत तुम्हीच घातलंय मला, असंही म्हटलं. "देखते हैं, काकाजी," म्हणाले. इतकी वर्षं इकडे काढूनही मी तो होकार समजलो, आणि झाडाखाली तसं सांगूनही आलो.

शनिवारी आम्हाला हिरवे टी-शर्ट वाटून बसनं खरड गावाच्या पुढं झाडं लावायला नेलं. शेजारी पॅकिंगमधली पंजाबी बाई होती. म्हणाली, "वीरजी, फोटो खिंचवाओ, समोसा खाओ. पौधा सूख गया तो अगले साल इसी गड्ढे में दूसरा." सगळे हसले. मी म्हटलं, "बहनजी, कभी तो अच्छा बोल लिया करो."

परत आलो तर फाटकातूनच आभाळ जास्त दिसलं. बुंधासुद्धा मशीननं उपसून नेला होता. कंत्राटी माणसांना बसमध्ये जागा नव्हती. त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं झालं. भिंतीच्या वीतभर सावलीत ती उभ्यानं जेवत होती. एक जण घास थांबवून म्हणाला, "आपने तो कहा था, साहब मान गए." रागावला असता तर बरं झालं असतं. साहेब जाता जाता म्हणाले, "एक के बदले दस लगा दिए, काकाजी. अब तो खुश?"

आई, हे पत्र मी कुठं टाकणार नाही, म्हणून लिहितो. खरडला रोपाभोवती माती दाबताना मला फार बरं वाटत होतं. इकडे मशीन चालू असेल, नेमकं त्याच वेळी. नोटीस बोर्डावर फोटो लावलाय, त्यात मी हसतोय. ते हसू खोटं नाही.