माधव सरांच्या फियाटचा कार्बोरेटर

सोनई,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सूर्यभानकाका,

अंबिकाचा नमस्कार. इकडे आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण देवळापर्यंत चालत जाते. मी अजून कॉलेजात फिजिक्स शिकवते. तुमची तब्येत कशी आहे? अकोल्याची थंडी मानवली का? आज सकाळपासून फोन तीनदा केला. तिन्ही वेळा तुमच्या लेकीने, रेश्माने उचलला आणि "आबा झोपलेत" म्हणाली. सकाळी दहाला तुम्ही झोपत नाही हे मला माहीत आहे. तिचं काही चुकलं नाही. म्हणून पत्र लिहितेय.

आधी बातमी सांगते. बाबांची फियाट चालू झाली, आणि ती मी चालू केली.

दसऱ्याच्या आधी भंगारवाला येऊन गेला. आई म्हणाली, "देऊन टाक, सहा वर्षं पत्र्याखाली उभी आहे, उंदरांनी घर केलंय." मी त्याला परत पाठवला आणि दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं. टाकी धुतली, बॅटरी नवी घेतली, प्लग बदलले. इंजिन चालू व्हायचं, पण रेस दिली की बसायचं. कार्बोरेटरचा दांडा बोटाने हलवला तर खडखड हलत होता. तुम्ही बाबांना दाखवायचात तसं त्याच्या कडेला दोन थेंब पेट्रोल सोडलं, तर इंजिनचा आवाज बदलला. म्हणजे तिथून हवा आत जात होती. अख्खा कार्बोरेटरच बदलायचा ठरवला.

नगरच्या दुकानदाराने तीन आठवड्यांनी मिळवून दिला. काल सकाळी बसवला. एअर फिल्टर काढला, पेट्रोलची नळी सोडवून तिच्या तोंडात पेन्सिल खुपसली, चोकची तार आणि ॲक्सिलरेटरचा दांडा सोडवला, दोन नट काढले. जुनं गॅस्केट दगडासारखं चिकटलं होतं, ते ब्लेडने खरवडायला पाऊण तास गेला. पण कण आत पडू दिला नाही. भोकावर आधी कागद लावला होता. नवा बसवताना दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. हे कोणत्याही पुस्तकातून शिकले नाही, तुमच्या गॅरेजात स्टुलावर बसून बघितलेलं होतं.

ट्यूनिंगला मजा आली. इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. मिक्स्चरचा स्क्रू आत नेत गेले, इंजिन अडखळलं. बाहेर आणला, ते जड, धुरकट बोलायला लागलं. या दोन्हींच्या मधे एक जागा असते. ती सापडली तेव्हा मला हसू आलं. मग स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, थोडा खाली घेतला. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, पाणी जेमतेम थरथरत होतं. आई ओट्यावरून म्हणाली, "हा माधवरावांच्या गाडीचा आवाज आहे."

दुपारी घोडेगाव, पांढरीपूल करत इमामपूरच्या घाटात नेली. तिसऱ्या गिअरवर चढली. एकदाही अडखळली नाही. परत येताना मात्र मी त्या जागी गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ बसून राहिले.

इथपर्यंत लिहून उठले, चहा करून आले. आता मूळ कारण लिहिते.

घाटातून परतल्यावर जुना कार्बोरेटर खोलला. सैल दांड्याला बुशची कडी घालून जादा म्हणून ठेवता येईल का, एवढंच बघायचं होतं. वरचं झाकण काढलं, इंजिनला पेट्रोल मोजून सोडणारा मेन जेट सोडवला. त्याच्या भोकात कापडाचे तंतू अडकले होते. पिवळे.

काका, ते कापड मला ओळखता आलं. माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा होता.

बाबा गेले त्याच्या चार दिवस आधी तुम्ही गाडी सर्व्हिस करून दिली होतीत. रविवारी मला पेट्रोलचा वास आला. बाबा झोपले होते. मी कार्बोरेटरचं झाकण उघडलं, आत थोडा गाळ दिसला, आणि मी तो ओढणीच्या तुकड्याने स्वच्छ पुसला. तुम्ही मला कितीदा सांगितलं होतंत, चेंबरला कापड लावायचं नाही, पेट्रोलने धुवायचा आणि हवेने फुंकायचा. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय. गाडी चालू केली, अंगणात छान चालली. मी कोणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय असंच वाटलं नाही.

मंगळवारी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी त्यांना घेऊन नगरला निघाले. सपाटीला गाडी पळाली, इमामपूरच्या घाटात चढाला जास्त पेट्रोल लागलं तशी गुदमरली आणि बंद पडली. मी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत राहिले. टेम्पोवाला थांबेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात. भरल्या घरात मी म्हणाले, "काका, तुम्ही हात लावलात आणि गाडी बंद पडली. बाबांना तुम्ही मारलंत." तुम्ही उठलात. चपला घातल्या आणि गेलात. पुढे कोणी विचारलं की मी तेच सांगत राहिले. लोक गाड्या घोडेगावला न्यायला लागले. तुमचं शटर बंद झालं त्या दिवशी मी समोरून गेले आणि मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं म्हणून लिहिते.

तो रविवार मला कधी आठवलाच नाही, असं म्हणणं सोपं आहे. खरं असं, की तो आठवायला लागला की मी दुसरं काहीतरी काम काढायचे.

काल संध्याकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगितलंस, आता ज्यांच्यापुढे बोलली होतीस त्यांना सांग." पुण्याला माझ्या भावाला, सुहासदादाला फोन करून सांगितलं; तोही त्या दिवशी घरात होता. आणि आज सकाळी तुमच्या गॅरेजशेजारच्या आप्पासाहेबांच्या हॉटेलात गेले. आठ-दहा माणसं होती. मी जेट टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. आप्पासाहेब चहा गाळायचे थांबले. म्हणाले, "ताई, तुमी एकदा म्हनला आसाल. आमी सा वर्सं म्हनत हुतो." मी जेट उचलून घरी आले.

माफी मागते आहे, पण तिच्या उत्तराची वाट बघण्याचा मला हक्क आहे असं समजत नाही. रविवारी, ३० तारखेला, गाडी घेऊन अकोल्याला येण्याचा विचार आहे. तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही.

जिने तुमचा शब्द ऐकला नाही आणि तुमच्यावर शब्द टाकला, ती
अंबिका

अकोले,
ता. २३

चि. अंबिकाला सूर्यभान मिस्त्रीचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. माजे डोळे अधू, रेश्मानं वाचून दाखवलं. मधीच थांबली. मी म्हनलं, वाच. मग रडली आन तुला दोन शब्द वंगाळ बोलली. ते तुला लिवत न्हाई. हे मी सोता लिवतोय, अक्षर मोठं हाय, सांभाळून घे.

गॅरेज निस्तं गिऱ्हाईक तुटलं म्हनून बंद केलं न्हाई. तुला वाटत आसंल तसं न्हाई ते. सर माजे दोस्त हुते. तू बोललीस ते मला खरं वाटलं. सा वर्सं मी ती गाडी मनात खोलतोय. जेट आवळला का न्हाई, फ्लोट नीट बसवला का न्हाई. कधी वाटायचं, आवळला. कधी वाटायचं, त्या दिवशी बाजार हुता, घाई हुती, राहिला आसंल. हातावरचा भरोसा उडाला. दुसऱ्याची गाडी खोलायची न् त्यात मानूस बसनार, ह्या इचारानं पाना हातात थरथरायचा. म्हनून शटर वडलं.

तुजं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जावयाच्या जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर खोलला. दिसत न्हाई, पर बोटाला सगळं ठावं हाय. एकदाबी थरथरलो न्हाई. जावई बघतच राहिला.

मला राग हाय. आदी नव्हता, आता आलाय. सा वर्सं थोडी न्हाईत पोरी. सरांच्या दहाव्याला मी नदीच्या पल्याड उभा हुतो, लोक गेल्यावर पानी दिलं. ते तुला ठावं नसंल. ठावं असावं.

राग जायची वाट बघायला माजं तेवढं वय राहिलं न्हाई. तवा तू ३० तारखेला ये. वैनींना संगं आन. रेश्मा बोलनार न्हाई कदाचित, पर सैपाक करंल. तू खाली मान घालून जेवू नको, ते मला बघवायचं न्हाई.

सरांचा दोस्त, आन आता परत मिस्त्री,
सूर्यभान