मेमरीतला मुक्काम

३ जून
हिवाळ्यापासून इथे एक ओळ लिहिली नाही. माफी कुणाची मागायची ठाऊक नाही, तरी मागते. ताईकडे राहायला आले. भावोजी गेल्यापासून ती एकटीच आहे. खोली हवेशीर, आणि भाषांतरासाठी भावोजींचा कॉम्प्युटर. तो मात्र बंद करायचा नाही, अशी ताईची ताकीद. भावोजींनी त्यात स्वतः लिहिलेला प्रोग्राम चढवून ठेवलाय. काहीही काम चालू असो, दोन कळा एकत्र दाबल्या की मध्येच त्याची चौकट उघडते. काम झालं की मिटते, पण प्रोग्राम मेमरीतून हलत नाही. ज्या कॅसेटवर तो साठवला होता ती खराब झालीय. वीज गेली की तोही गेलाच. म्हणून ताईने बॅटरी जोडून घेतलीय.

त्या चौकटीत ताई रोज टाइप करून भावोजींना विचारते, चहा झाला का. पन्नाशीची बाई. मला हसू आवरेना.

७ जून
माझा मजकूर मेमरीत मावत नाही, इतकी जागा त्या प्रोग्रामने अडवलीय. भावोजी जिवंतपणीही असेच सोफाभर पसरायचे. आज कळा न दाबताच चौकट उघडली: मेहुणीबाई, हे भाषांतर म्हणायचं की रद्दी? टोमणा त्यांचाच. आधीच लिहून ठेवला असणार. मेल्यावरही पाणउतारा करायची सोय करून गेला हा माणूस. की माझा आकसच मला असं वाचायला लावतोय? उगाच कुणावर अन्याय नको.

१२ जून
चौकटीने अर्धा पडदा खाल्लाय. शेजारीण दारात आली, तर ताईने तिलाच विचारलं, आपण कोण.

१५ जून
ताईला आईचं नाव आठवेना. घाबरली नाही. यांना जागा लागते ना गं, म्हणाली, मग काहीतरी काढावंच लागतं.

१६ जून
ताई आंघोळीला गेल्यावर बॅटरीसकट वायर उपटली. एका भिकार प्रोग्रामला घाबरले, याची लाज वाटली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. मेमरी सगळी मोकळी. धावत जाऊन ताईला विचारलं, आईचं नाव सांग.

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, मेहुणीबाई, प्रश्न पुरे, चहा टाका.

१७ जून
सकाळपासून सोफ्यावर पाय पसरून बसलीय. खांदे धरून हलवलं. क्षणभर डोळे तिचे झाले. जागाच नाही गं, म्हणाली, आणि—
माझी शाळा कुठली ते आठवत नाहीये. दमले असेन.

१८ जून
उद्या ताईला डॉक्टरांकडे न्यायचं. कशाला? ठणठणीत आहे मी. अक्षर तरी नीट काढा, मेहुणीबाई.
हे मी लिहिलेलं नाही— हात माझाच—
उद्याचं काम एकच: हिला डॉक्टरांकडे— हिला, म्हणजे माझ्या—